कस कोण लावणार?

जून-जुलै उजाडला की गावोगाव गुणवंतांचे सत्कार सुरू होतात. कुठे पतसंस्था, कुठे ज्ञातिमंडळ, कुठे गणेशोत्सव मंडळ. फ्लेक्सवर मुलांचे फोटो आणि फोटोखाली टक्के. प्रमुख पाहुणे बहुधा गावातलेच एखादे यशस्वी बांधकाम व्यावसायिक किंवा कारखानदार असतात. ते माइक हातात घेऊन सांगतात, "पोरांनो, मी दहावी नापास आहे. आज माझ्या हाताखाली दहा इंजिनिअर काम करतात. पदवीत काही नसतं, अंगात गुण पाहिजे." टाळ्या पडतात. कार्यक्रम संपल्यावर चहा घेताना तेच पाहुणे शेजारच्याला सांगतात, "धाकट्याला पुण्याला घातलाय इंजिनिअरिंगला. मॅनेजमेंट कोट्यातून घ्यावी लागली सीट, पण घेतली."

ऐकणारे गालात हसतात. माणूस व्यासपीठावर एक बोलतो आणि घरात दुसरंच करतो, असं त्यांना वाटतं. मला मात्र हा माणूस दोन्हीकडे खरं बोलतो आहे असं वाटतं. त्याचं स्वतःचं आयुष्य पदवीवाचून अडलं नाही, हे खरंच. पोराला पदवी नसली तर त्याचं अडेल, ही भीतीही खरी. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या कशा असू शकतात, एवढाच प्रश्न या लेखात सोडवून पाहायचा आहे. त्यासाठी आधी पदवी नेमकं काय काम करते ते पाहायला हवं.

पदवी म्हणजे ज्ञान, असं आपण धरून चालतो. पण राज्यसेवा परीक्षेची जाहिरात काढून वाचा. पात्रतेच्या रकान्यात मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी मागितलेली असते, आणि ती कोणत्याही शाखेची चालते. वनस्पतिशास्त्राचा पदवीधर तहसीलदार होतो, इतिहासाचा पदवीधर पोलीस उपअधीक्षक होतो. तहसीलदाराला सातबारा आणि फेरफार कळायला हवेत, ते वनस्पतिशास्त्रात शिकवत नाहीत. मग ती पदवी कशासाठी मागतात? हा उमेदवार तीन-चार वर्षं एका जागी टिकला, वेळेवर परीक्षा दिल्या, वाचलेलं कागदावर उतरवता आलं, एवढी हमी कुणीतरी तिसऱ्याने घेतलेली असावी, म्हणून. निवड करणाऱ्याने या माणसाला कधी पाहिलेलं नसतं. लाखो अर्जांतून प्रत्येकाला जवळून पाहायला त्याच्याकडे सवडही नसते. विद्यापीठ त्याला सांगतं, "याला आम्ही ओळखतो."

हे काम आपल्या ओळखीचं आहे. पतसंस्थेत कर्ज मागायला गेलं की दोन जामीनदार आणा म्हणतात. जामीनदाराची पगारपत्रकं लागतात, सह्या लागतात. कर्ज घेणारा कसा आहे हे संस्थेला माहीत नसतं. जामीनदाराला ते माहीत आहे असं संस्था मानते. पदवी ही अशी जामीनदार आहे. पण त्याच पतसंस्थेत शेजारच्या खिडकीवर सोनेतारण कर्ज मिळतं आणि तिथे जामीनदार कुणी विचारत नाही. बाई हातातल्या पाटल्या काढून ठेवते, संस्थेचा सराफ त्या तोलतो, कसोटीच्या दगडावर घासतो, रेघेवर अ‍ॅसिडचा थेंब सोडतो, कस पाहतो आणि चिठ्ठी लिहून देतो. तासाभरात पैसे हातात. ज्याचा गुण डोळ्यांसमोर तपासता येतो त्याला हमी देणारा लागत नाही.

पदवीवाचून मोठी झालेली माणसं या दुसऱ्या खिडकीवरची असतात. मात्र त्या खिडकीकडे नीट पाहिलं तर लक्षात येतं की तिथे एकटं सोनं पुरत नाही. सोनं तर हवंच, शिवाय ते तिथल्या तिथे तपासता येण्याजोगं हवं, आणि तपासणारा सराफ हजर हवा. 'गुण असला की झालं' असं म्हणताना आपण यातली पहिली गोष्ट तेवढी मोजतो. उरलेल्या दोन गोष्टींवरच खरं सगळं अवलंबून असतं.

तपासता येणं म्हणजे काय, हे कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा तसल्या कुठल्याही जुन्या औद्योगिक वसाहतीत गेल्यावर समजतं. लहान वर्कशॉपमध्ये टर्नर ठेवायचा असला की मालक कागद मागत नाही, ट्रायल घेतो. एक ड्रॉइंग हातात देतो, लोखंडाचा गोल तुकडा देतो आणि लेथकडे बोट दाखवतो. आलेला माणूस आधी टूल उचलून त्याची धार बघतो. ती पसंत नसेल तर ग्राइंडरवर जाऊन स्वतः लावून आणतो. इथेच मालकाने अर्धी परीक्षा घेतलेली असते, कारण कच्चा माणूस मिळालेल्या टूलनेच सुरू होतो. मग तो जॉब चार जबड्यांच्या चकमध्ये बांधतो, डायल लावून हाताने चक फिरवतो, काटा हलायचा थांबेपर्यंत एकेक जबडा सैल-घट्ट करत राहतो. मशीन सुरू झाल्यावर मालक जॉबकडे फारसं पाहत नाही. तो आवाज ऐकतो आणि खाली पडणारी चीप कशी वळते ते बघतो. जॉब उतरल्यावर मायक्रोमीटर तीन ठिकाणी लावतो, दोन्ही टोकांना आणि मध्ये. तिन्ही मापं वीस मायक्रॉनच्या आत एकमेकांना धरून असतील तर विचारतो, "उद्यापासून येतोस?" शाळा किती झाली हा प्रश्न पगार ठरवतानाही निघत नाही. अर्ध्या तासात निकाल लागला, आणि जॉब फुकट गेला असता तरी नुकसान एका लोखंडी तुकड्याचं झालं असतं.

हाच माणूस मोठ्या कंपनीत अर्ज करतो तेव्हा काय होतं? ऑनलाइन फॉर्ममध्ये 'शैक्षणिक पात्रता' या रकान्यात यादीतून एक पर्याय निवडावा लागतो. यादीत आयटीआय आहे, डिप्लोमा आहे, पदवी आहे. पंधरा वर्षं लेथवर उभा राहिलेल्यासाठी पर्याय नाही. त्याचा अर्ज ज्याला टूलची धार समजते त्या फोरमनपर्यंत पोहोचतच नाही, अलीकडेच गळतो. गंमत अशी की गुणवत्तेच्या ज्या आयएसओ ९००१ मानकाच्या नावाखाली कंपन्या कागद गोळा करतात, ते मानक कामगाराची क्षमता शिक्षण, प्रशिक्षण किंवा अनुभव यांच्या आधारावर ठरवायला सांगतं. अनुभव त्यात स्पष्ट शब्दांत आहे. पण अनुभव तपासायला जाणकार माणूस लागतो, आणि प्रमाणपत्र फाइलला लावायला पंचिंग मशीन पुरतं.

म्हणजे एकाच गुणाला एका दारात मान मिळतो आणि दुसऱ्या दारात प्रवेशही मिळत नाही. फरक त्या माणसात नाही. पहिल्या दारात काम आणि काम घेणारा समोरासमोर आहेत, दुसऱ्यात मध्ये अनोळखी माणसांची रांग आहे. ही रांग जितकी लांब, तितकी पदवीची गरज मोठी.

काही कामांत तर समोरासमोर असूनही ट्रायल घेता येत नाही. गायकाचा सूर दोन मिनिटांत कळतो, आचाऱ्याची भाजी एका घासात कळते. भूल देणाऱ्या डॉक्टरची ट्रायल कुणावर घ्यायची? पुलाचं गणित चुकलं आहे हे कदाचित वीस पावसाळ्यांनंतर कळेल, आणि कळेल तेव्हा पुलावर एसटी असेल. चूक दिसेपर्यंत फार उशीर होतो किंवा चुकीची किंमत तिसराच कुणी भरतो, अशा कामांत समाजाने पदवी सक्तीची केली ती शहाणपणानेच. 'फलाणा शिकला नाही तरी मोठा झाला' अशी जी नावं आपण घेतो, ती बहुतेक गाणारे, लिहिणारे, खेळणारे, चित्रं काढणारे, यंत्रं जुळवणारे, व्यापार करणारे यांची असतात, याचं कारण हेच. गुणी माणसं सगळ्याच क्षेत्रांत जन्मतात. पण गुण चटकन दिसतो अशी क्षेत्रं थोडी असतात.

आता सराफाकडे वळू. जळगावजवळच्या असोद्यात १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात आणि जात्यावर सुचलेल्या त्यांच्या ओव्या हवेतच विरल्या असत्या. मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ यांनी त्यातल्या काही वहीत उतरवून ठेवल्या. सोपानदेव स्वतः कवी होते, म्हणून आईच्या तोंडचं हे नुसतं दळताना म्हणायचं गाणं नाही हे त्यांना समजलं. तरीही ती वही घरातच होती. बहिणाबाई १९५१ च्या डिसेंबरात गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती आचार्य अत्र्यांना दाखवली, अत्र्यांनी तिला बावनकशी सोनं ठरवलं आणि १९५२ साली गाणी पुस्तकरूपाने बाहेर आली. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. पाठ्यपुस्तकांत त्या आल्या, त्यांच्यावर प्रबंध झाले आणि २०१८ साली जळगावच्या विद्यापीठालाच त्यांचं नाव मिळालं. ज्या बाईला सही करता येत नव्हती, तिच्या नावाने आज खानदेशातली मुलं पदव्या घेतात.

ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. ती सांगताना एक हिशोब मात्र राहून जातो. बहिणाबाईंच्या गाण्यात १९५२ साली काही नवं शिरलं नव्हतं, ती आधीही तेवढीच मोलाची होती. मध्ये दोन माणसं आली, एक टिपून ठेवणारा आणि एक पारख करणारा. ज्या घरात सोपानदेव नव्हते, त्या घरांतल्या जात्यांवर काय काय सुचलं आणि कुठे गेलं, याची मोजदाद कुठल्याच विद्यापीठाकडे नाही.

असंच रामानुजनचं. कुंभकोणमच्या या मुलाला गणिताखेरीज कशात रस नव्हता. त्यापायी कॉलेजची शिष्यवृत्ती गेली, पुढे मद्रासला एफ.ए.च्या परीक्षेत तो नापास झाला. १९१२ साली तो मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये महिना ३० रुपयांवर कारकून होता. जानेवारी १९१३ मध्ये त्याने केंब्रिजच्या हार्डीला सूत्रांनी भरलेलं पत्र धाडलं. त्याआधी इंग्लंडातल्या आणखी दोन नामांकित गणितज्ञांना त्याने लिहिलं होतं. तिथून काही निष्पन्न झालं नव्हतं. सूत्रं तिथेही याच जातीची होती. हार्डीने आपला सहकारी लिटलवुड याला बरोबर घेऊन ते कागद बारकाईने तपासले आणि हे कुणा फसव्याचं काम असूच शकत नाही या निष्कर्षाला तो आला. त्याच वर्षी मद्रास विद्यापीठाने, जिथली परीक्षा त्याला पार करता आली नव्हती, त्याला महिना ७५ रुपयांची संशोधनवृत्ती दिली. १९१४ मध्ये तो केंब्रिजला गेला, १९१६ मध्ये संशोधनाच्या जोरावर तिथली बी.ए. पदवी मिळाली आणि १९१८ मध्ये तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला. पदवी इथे गुणाच्या मागून आली. पण आधी हार्डी आला, तेव्हा ती आली. शिवाय हार्डीला पारखता आलं ते त्याने स्वतः ती विद्या रीतसर, वर्षानुवर्षं केली होती म्हणून. बिनपदवीच्या माणसाला उचलून धरणारा बहुतेक वेळा शिक्षणातून तयार झालेलाच कुणी असतो. विद्यापीठाची थट्टा करताना हे ऋण विसरून चालत नाही.

सोन्याचंही एक कोडं उरतंच. ते येतं कुठून? पदवी नाही म्हणजे शिक्षण नाही, असा एक गैरसमज पदवीची टर उडवणाऱ्यांत आणि तिची पूजा करणाऱ्यांत सारखाच असतो. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर फारसे शाळेत गेले नव्हते. पण वडील कारागीर होते, लाकूड, दगड, रंग यांतच ते वाढले. चुलतभाऊ आनंदरावांच्या जोडीने नाटकांचे पडदे रंगवता रंगवता त्यांना सिनेमाचं वेड लागलं. विलायती कॅमेरा परवडणारा नव्हता. आनंदराव १९१६ मध्ये वारले, तरी बाबूरावांनी सोबत्यांना घेऊन खटपट चालू ठेवली आणि कॅमेरा घरचा तयार केला. त्यावर १९२० साली 'सैरंध्री' आला. पण बाबूरावांचा त्याहून मोठा उद्योग म्हणजे त्यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी. दामले, फत्तेलाल, शांताराम ही मंडळी तिथे पडेल ते काम करत घडली. सुतारकाम, रंगकाम, कॅमेरा, केमिकल, नट आजारी पडला तर तोंडाला रंग लावून उभं राहणं, सगळं. वेळापत्रक नव्हतं, शिकणं मात्र रोजचं होतं आणि परीक्षाही रोजची होती, कारण बिघडलेला सीन धुऊन पडद्यावर आला की सगळ्यांना दिसायचा. हीच माणसं बाहेर पडली आणि त्यांनी १९२९ साली प्रभात काढली. प्रभातचा १९३६ चा 'संत तुकाराम' व्हेनिसच्या महोत्सवात नावाजला गेला. पुण्यातल्या प्रभातच्या आवारात १९६० साली सरकारने चित्रपट शिक्षणाची संस्था उघडली. आज तिथे प्रवेश घ्यायला पदवी लागते. पदवी नसलेल्यांनी बांधलेल्या वास्तूत पदवीधरांची परीक्षा घेतली जाते, याला कुणी विसंगती म्हणेल. मला त्यात तेच शिक्षण एका रूपातून दुसऱ्या रूपात गेलेलं दिसतं. पूर्वी बाबूरावांच्या हाताखाली राहिल्याचं समजलं की पुरायचं. धंदा देशभर पसरला, काम देणारा आणि काम करणारा एकमेकांना ओळखेनासे झाले, तेव्हा ती ओळख कागदावर उतरवावी लागली.

गाण्याच्या जगात ही वाटचाल आणखी स्वच्छ दिसते. घराण्यातला गुरू शिष्याला गंडा बांधायचा तेव्हा दोन कामं एकदम व्हायची. तालीम सुरू व्हायची आणि जामीनही मिळायचा. गवई नव्या गावात गेला की पहिला प्रश्न "कुणाकडे शिकलात?" असा असायचा. उत्तरात गुरूचं नाव आलं की बैठकीची दारं उघडायची. म्हणजे पदवीवाचून मोठे झालेले गवई हमीवाचून मोठे झाले नव्हते. पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून गाणं वर्गात आणलं आणि पुढे 'विशारद' झालेल्यांची संख्या वाढत गेली. सगळेच विशारद मैफल मारत नाहीत, हा टोमणा जुना आहे. पण ज्या मुलीच्या घरी गाणं निषिद्ध होतं, जिला कुठल्या उस्तादाच्या दारात पाऊल टाकणं शक्य नव्हतं, तिला या वर्गांनी पहिल्यांदा सूर दिला आणि शाळेत गाणं शिकवण्याची नोकरीही दिली. जुन्या पद्धतीत कस कठोर लागायचा, पण कसोटीपर्यंत जाण्याची वाट फार थोड्यांना खुली होती.

इथे 'यशस्वी होणं' या शब्दांचाही थोडा खोलात विचार करावा लागतो. काम मोठं होणं आणि ते करणाऱ्याचं आयुष्य मार्गी लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नारायण सुर्वे मुंबईच्या रस्त्यावर सापडलेलं मूल. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने त्यांना घरी नेऊन वाढवलं. लहानपणी शिक्षण झालं ते चौथीपर्यंत. पुढे गिरणीत काम, हॉटेलात काम, महापालिकेच्या शाळेत शिपाई. १९६२ साली 'ऐसा गा मी ब्रह्म' आलं, १९६६ साली 'माझे विद्यापीठ'. दुसऱ्या संग्रहाच्या नावातच त्यांनी आपलं शिक्षण कुठे झालं ते सांगून टाकलं. १९९५ साली परभणीच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. या कवितेला कुणी दाखला विचारला नाही. पण शाळेत घंटा देणाऱ्या सुर्व्यांना त्याच व्यवस्थेत शिक्षक व्हायचं होतं तेव्हा सातवीची परीक्षा द्यावी लागली. कवी व्हायला परीक्षा लागली नाही, महिन्याचा पगार वाढायला लागली. सुर्व्यांनी त्याचा बाऊ केला नाही. अभ्यास केला, पास झाले, वर्गात उभे राहिले. गुणाला प्रतिष्ठा मिळवून देणारी वाट एक आणि घराला स्थैर्य देणारी वाट दुसरी, हे त्यांना जगण्यातूनच कळलेलं होतं.

अण्णाभाऊ साठ्यांना ती दुसरी वाट मिळाली नाही. वाटेगावच्या या माणसाचं शाळेशी नातं दीड दिवसाचं, असं सांगतात. चालत मुंबई गाठली, मिळेल ते काम केलं, अक्षरं जुळवत वाचायला शिकले. पोवाडे, लावण्या, वगनाट्यं, कथा आणि तीसहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. १९५९ च्या 'फकिरा'ला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला, ते रशियाला जाऊन आले, त्यांच्या कादंबऱ्यांवर सिनेमे निघाले. यशाची कुठलीही खूण उणी राहिली नव्हती. तरी घाटकोपरच्या चिरागनगरात राहणाऱ्या या लेखकाचा शेवट हलाखीत झाला. १९६९ साली ते गेले तेव्हा पन्नाशीही गाठली नव्हती. आज त्यांच्यावर पीएच.डी. केलेल्यांना प्राध्यापकाची नोकरी आणि निवृत्तिवेतन आहे. हे लिहिताना त्या प्राध्यापकांवर मला राग काढायचा नाही. सोन्याला भाव मिळाला म्हणजे ते बाळगणाऱ्याच्या चुलीवर तवा चढला असं होत नाही, एवढंच दाखवायचं आहे.

याहून अवघड प्रश्न पुढचा आहे. सराफाने सोनं पाहायलाच नकार दिला तर? किंवा ते कुणाच्या हातात आहे हे पाहून कमी कॅरट लिहिलं तर? डॉ. आंबेडकरांनी पदव्यांवर पदव्या मिळवल्या त्या कशासाठी, हे या प्रश्नातून कळतं. ज्या समाजात तुमचं काम पाहण्याआधी तुमची जात पाहतात, तिथे 'माझं काम बघा' म्हणून भागत नाही. तिथे कुणाला नाकारता येणार नाही असा जामीनदार लागतो. कोलंबिया, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, ग्रेज इन. आणि तरीसुद्धा १९१७ साली बडोद्यात नोकरीवर रुजू झालेल्या या उच्चशिक्षित माणसाला राहायला खोली मिळाली नाही. पदवीने सगळं साधतं असं ते समजत होते असं नाही. पण तिच्याशिवाय काहीच साधणार नाही, हे त्यांनी पुरतं ओळखलं होतं. म्हणून त्यांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं आणि १९५० साली औरंगाबादेत कॉलेज काढलं. अण्णाभाऊंनी 'फकिरा' अर्पण केली ती याच बाबासाहेबांच्या लेखणीला, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आता 'पदवी कशाला हवी?' असं सहज म्हणणाऱ्यांकडे पुन्हा पाहिलं की त्यांच्यामागे उभे असलेले जामीनदार दिसू लागतात. कुणाच्या मागे वडिलांचं दुकान आणि बाजारातली पत आहे. कुणाच्या मागे आडनाव आहे. कुणाला घरातच मिळालेली सफाईदार इंग्रजी आहे, ती ऐकून समोरचा खुर्ची पुढे करतो. या जामिनांवर कुठे सही नसते, त्यामुळे ते असणाऱ्याला जाणवतही नाहीत. मी फक्त माझ्या कर्तृत्वावर आलो, असं त्याला मनापासून वाटतं, आणि कर्तृत्व असतंही. पण ज्याच्यामागे यांतलं काहीच नाही, त्याच्यासाठी विद्यापीठाचा कागद हा पैसे न मोजता मिळू शकणारा एकुलता एक जामीनदार असतो. तोही आता फी भरून मिळवावा लागतो, हे दुःख वेगळं.

तेव्हा कॉलेज सोडू म्हणणाऱ्या मुलाला 'तुझ्यात गुण आहे का?' असं विचारून उपयोग नाही. त्याचं उत्तर तोही 'आहे' असंच देईल. त्याला विचारावं की तुझं काम लोकांना किती दिवसांत दिसेल? ज्याच्या शब्दाला त्या धंद्यात वजन आहे असा कुणी ते रोज पाहतो का, आणि चुकलं की तोंडावर सांगतो का? आणि भाव मिळेपर्यंत घर कशावर चालणार? तिन्हींची उत्तरं धड असली तर त्याने खुशाल जावं. तो शिकायचं सोडत नाही, फक्त शाळा बदलतो आहे. एकाही प्रश्नाला उत्तर नसेल तर त्याने पदवी पूर्ण करावी, आणि त्यात कमीपणा मानू नये. आणि जो माणसं कामावर ठेवतो, त्याने भरतीच्या फॉर्ममध्ये एक रकाना कामाच्या ट्रायलसाठी ठेवावा. एवढ्या एका रकान्याने जेवढं होईल तेवढं शंभर सत्कारांतल्या भाषणांनी होणार नाही.

कर्मवीर भाऊराव पाटील मॅट्रिकही झाले नव्हते. किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकत ते गावोगाव हिंडले, आणि ते काम त्यांना उत्तम जमत होतं. पदवीवाचून काही अडत नाही याचा स्वतःचाच दाखला देत ते फिरले असते तरी कुणी त्यांना खोटं पाडलं नसतं. त्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, साताऱ्यात सगळ्या जातींच्या पोरांना एका पंगतीत बसवणारं वसतिगृह चालवलं, मुलांनी खडी फोडून, शेतात राबून शिकावं अशी सोय केली आणि १९४७ साली कॉलेज उभं केलं. पुणे विद्यापीठाने १९५९ साली त्यांना डी.लिट. दिली, तोवर त्यांच्या शाळांतून शिकलेल्यांच्या पिढ्या नोकरीला लागल्या होत्या. गुणी पोराला कधीतरी पारखणारा भेटतो, हे भाऊरावांना अनुभवाने माहीत होतं. तो भेटणं किती योगायोगाचं असतं, हेही माहीत होतं. आणि रयतेची पोरं योगायोगावर सोडायला ते तयार नव्हते.